उसना आवाज

त्या घरात सहा माणसं राहत होती आणि टॉवेल चार होते. कुणाचा कोणता, हे विचारायची सोय नव्हती. सहाही जण प्रोग्रॅमर, परदेशात कंत्राटी काम शोधणारे, आणि सहाही जणांना एकाच एजंटाने आणून ठेवलेलं. एजंटाला सगळे काका म्हणत. नातं काही नव्हतं. पण काका म्हटलं की तो खूश होई आणि हीटर जास्त वेळ चालला तरी बोलत नसे.

मास्तर त्यांच्यात वयाने थोरला. देशात नोकरी सांभाळून संध्याकाळी क्लासमध्ये शिकवायचा, म्हणून मास्तर. बँकांच्या सॉफ्टवेअरचं नऊ वर्षांचं काम, आणि तेही खरं. बायोडेटात काकांनी त्या नवाची चौदा वर्षं केली होती. जावईबापूच्या दोनाची आठ. जावईबापू म्हणजे लग्नाच्या सतराव्या दिवशी बायकोला माहेरी पोचवून विमानात बसलेला गडी.

काकांची पद्धत सुटसुटीत. कंपनीचा फोन आला की ज्याची मुलाखत त्याने गप्प बसायचं आणि बोलायचं मास्तरने. असा तो तिघांच्या नावाने बोलला आणि तिघंही कामाला लागले.

"तुझ्या जिभेवर सरस्वती आहे रे," असं म्हणत काका व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत. कार्ड पुसून परत खिशात. तेच उद्या कुणाच्या तरी हातात पडणार, हे मास्तर बघत बसे.

त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा तिथे राहायच्या परवान्याचे वीस दिवस उरले होते. तेवढ्यात काम लागलं तर ठीक, नाहीतर बॅग भरायची. फोनवर दहा मिनिटं झकास गेली. मग पलीकडचा साहेब थबकला.

"आपण आधी बोललोय. मागच्या महिन्यात तुमचं नाव वेगळं होतं. तो माणूस आता माझ्याकडे आहे आणि त्याला साधा प्रश्न विचारला तरी घाम फुटतो."

फोन बंद झाला. तिथे आपण आधीच एकाला चिकटवलंय, हे काका साफ विसरले होते.

"होतं असं," काका म्हणाले. "आता तुझा आवाज बदनाम झाला, तो वापरायचा नाही. दुसरी कंपनी पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यावर मुलाखत घेतेय. तू समोर बसून ओठ हलव. बोलेल जावईबापू."

"काका, मला माझं काम येतं."

"येतं म्हणूनच म्हणतो. चेहरा तुझा, काम तुझं, आवाज तेवढा उसना. लग्नात मामाचा कोट नव्हता घातलास?"

"मास्तर, तुम्ही शिकवलंय तेच बोलीन," जावईबापू मान खाली घालून म्हणाला.

मुलाखतीच्या आदल्या रात्री मास्तरने देशातल्या बायकोला फोनवर त्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "घाबरू नका. तुम्ही बोलायला लागलात की समोरचा ऐकतच राहतो."

सकाळी मास्तर कॅमेऱ्यासमोर बसला. टेबलाच्या आड, त्याच्या गुडघ्याला टेकून, जावईबापू. त्याच्या तोंडाला कच्च्या कांद्याचा वास येत होता आणि प्रत्येक वाक्याला तो वाफाळून वर येई. मास्तर त्या वासावर ओठ हलवत होता. दुसऱ्याने चावलेला घास आपण चघळतोय असं त्याला वाटलं.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "एखादी चूक सांगा, तुमच्या हातून झालेली."

मास्तरकडे होती एक. व्याजाच्या हिशेबात त्याने घातलेला घोळ आणि तो शोधण्यात गेलेल्या तीन रात्री. त्याच्या सगळ्या नोकरीत सांगण्यासारखं तेच होतं.

"माझ्या हातून चूक होत नाही," टेबलाखालून आवाज आला. "माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती."

मास्तरला शिसारी आली. काकांची, कांद्याची, आणि सगळ्यात जास्त या आपल्या हलणाऱ्या ओठांची. त्याने तोंड मिटलं. आवाज मात्र चालूच राहिला, चाळीस माणसांना शिस्त लावत. बाईंनी चष्मा काढला. कॅमेऱ्याबाहेर बाजूला बसलेल्या काकांनी पायाला चिमटा घेतला. मास्तरने ओठ घट्ट दाबले. जावईबापूला वरचं काहीच दिसत नव्हतं. तो आणखी दोन वाक्यं बोलला.

मग मास्तर स्वतःच्या आवाजात म्हणाला, "हा बोलतोय तो मी नाही. माझी वर्षं नऊ आहेत, चौदा नाहीत. चूक झालीय, ती सांगू का?"

पडदा काळा झाला होता.

"अरे करंट्या," काका म्हणाले, "बारा दिवस राहिलेत तुझे."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला. त्याने बेसिनपाशी जाऊन खळखळून चूळ भरली, चारही टॉवेलांकडे एकदा पाहिलं, आणि शर्टाच्या बाहीला तोंड पुसून पलंगाखालची बॅग ओढली.