सिस्टर नोमालांगाची लाडकी

मी उमायिमे बोलतेय, झुलू माणसं या फुलझाडाला असंच म्हणतात. कुंडीत वाढवणारे मला क्लिव्हिया म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गच्या आसपासच्या जंगलात माझी नारिंगी भावंडं ढिगाने फुलतात, त्यांचं कुणाला अप्रूप नाही. मी मात्र पिकल्या पीचच्या रंगाची निघाले, आणि माझ्या वाट्याला लाड आले.

मला बीपासून वाढवलं सिस्टर नोमालांगा मखवानाझीने. इस्पितळातून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणतात. सात वर्षं मी नुसती पानं काढत बसले, पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. पहिलं फूल आलं तेव्हा शेजारणीला हाक मारून ती ढसाढसा रडली. मागच्या अंगणात कुंड्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, पण सकाळचा चहा घेऊन ती बसायची माझ्यापाशीच. बाकीच्यांना पाणी, मला गप्पा. खरं सांगायचं तर मीही जरा चढेल झाले होते.

या छंदाची माणसं एकमेकांना बिया देतात, पिल्लं देतात. सिस्टरही सढळ हाताने द्यायची, फक्त माझं काही नाही. माझ्या बुडाशी एक पिल्लू फुटलं, तेव्हा याच छंदातल्या बाबा गुमेडेंनी ते मागितलं होतं.

"मी मेल्यावर न्या," ती म्हणाली.

"तोवर मी कुठला राहतोय!" ते हसले, पण त्यांना लागलं. त्यात गेल्या वर्षी क्लिव्हियांच्या प्रदर्शनात मी त्यांच्या पिवळीला मागे टाकलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी तोलूनमापून बोलू लागली.

यंदा थंडी रेंगाळली. प्रदर्शन तोंडावर आलं तरी माझा फुलांचा दांडा पानांतच अडकलेला. सिस्टरला धीर निघेना. तिने मला न्हाणीघरात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवलं. त्या उबेने दांडा सरसर वर आला, कळ्या फुटल्या, ती हरखली. पण वाफेचं पाणी पानांच्या गाभ्यात साचलं ते सुकेचना. मला आतून मऊमऊ वाटायला लागलं. सांगणार कुणाला? सगळ्यांचं लक्ष फुलांकडे होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मांडामांड चालली होती. सिस्टर माझी पानं पुसत होती. गुमेडे शेजारून गेले, थबकले, मागे आले.

"सिस्टर, हिला वास येतोय. कुजल्याचा."

तिचा हात थांबला. "दरवर्षी तुम्हाला माझ्या झाडात काहीतरी दिसतंच, गुमेडे. गेल्या वर्षी पानं वाकडी दिसली होती."

"ते मी जळून बोललो होतो. आज नाही जळत."

पलीकडे प्रदर्शनाला आलेली पिल्लेबाई आपली कुंडी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी हात लावत नाही," गुमेडे म्हणाले. "तुम्हीच बोट लावून बघा."

सिस्टरने माझ्या बुडाशी अंगठा दाबला. तो आत गेला. तिने अंगठा नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"उद्या सकाळी परीक्षण आहे," ती हळूच म्हणाली. "एक रात्र काढेल ना?"

"फूल काढेल. पण पिल्लू हिलाच जोडलंय. रात्रीतून कुज तिकडे उतरली तर हाती काहीच लागायचं नाही. आत्ता कापावं लागेल."

"म्हणजे हिच्यात सुरी घालायची."

"हो."

मी घाबरले. कापू नकोस म्हणून ओरडावंसं वाटलं. मग पिल्लाची मुळं माझ्या मुळांना बिलगलेली जाणवली आणि मला माझी लाज वाटली.

"तुम्ही कापा," सिस्टर म्हणाली. "माझ्याने नाही व्हायचं."

"आणि पिल्लू गेलं तर? जन्मभर म्हणाल, गुमेडेनेच मारलं. तुम्ही कापा. मी धरतो."

मग सगळ्यांचीच धावपळ झाली. कुणी स्पिरिटने सुरी पुसून दिली. पिल्लेबाई आपली कुंडी जमिनीवर टाकून गाडीतून गंधकाची पूड घेऊन आली. सिस्टरने आधी माझा फुलांचा दांडा कापून पाणी भरलेल्या दुधाच्या बाटलीत ठेवला. गुमेडे गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. सुरी आत शिरली. पहिला काप तपकिरी आला, दुसराही तपकिरी. सिस्टरने सुरी बाहेर काढली.

"अजून थोडं," गुमेडे म्हणाले. "थांबू नका."

तिसरा काप पांढराशुभ्र निघाला. कुज नखभर आणखी पुढे गेली असती तर पिल्लूही गेलं असतं.

सिस्टर खालीच बसली. पिल्लू मांडीवर घेऊन तिने त्याच्या कापावर गंधकाची पूड लावली, आणि मग ते गुमेडेंपुढे धरलं.

"घेऊन जा."

"अहो, तुमचं आहे ते!"

"माझ्याकडे राहिलं तर मी पुन्हा लाडानेच मारीन. न्या. वाढलं की पिल्लेबाईला द्या, मागेल त्याला द्या."

गुमेडेंनी पिल्लू ओंजळीत घेतलं. "फुलायला चार वर्षं लागतील, सिस्टर."

"तोवर मी ऐंशीची होईन."

"मग मधेच मरायचं नाही. फूल बघायला यायचं. नाही आलात तर कुंपणापलीकडे भिरकावून देईन, सांगून ठेवतो."

"तुमची हिंमत!" ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

आज सकाळी परीक्षण झालं. गुमेडेंच्या पिवळीला पहिला क्रमांक मिळाला आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या सिस्टरने वाजवल्या. बाकावरची माझी जागा कुणी घेतली नाही. तिथे त्यांनी ही दुधाची बाटली ठेवलीय. मी आता एवढीच उरलेय, दांडा आणि त्यावरची फुलं. आठवडाभर टिकेन.

पोरी, तू गुमेडेंच्या गाडीत, काप ओला होऊ नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहेस. आई म्हणून मी तुला सांगायला हवं की घाई करू नकोस, घाईनेच माझा घात केला. पण सिस्टर थकत चाललीय गं. जमलं तर एखादं वर्ष आधीच उमल.