चौथ्या टांकसाळीची जागा

माझा भाऊ हार्लन किती हट्टी आहे, ते ऑरेगनमधल्या आमच्या डॅल्स गावात कुणालाही विचारा. वय एकोणऐंशी. दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर धुकं साचलंय आणि वर्षभरात दिसणं जवळजवळ बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. म्हणजे आमच्या नाणे-मंडळाच्या प्रदर्शनातलं हे त्याचं शेवटचं वर्ष. सहा वर्षं त्याला दुसऱ्या नंबरची लाल फीत मिळतेय. एकदा तरी पहिल्या नंबरची निळी मिळावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि मिळत नव्हती ती त्याच्याच करणीनं.

त्याच्याकडे ऑरेगनच्या वाटेची अर्ध्या डॉलरची स्मारक-नाणी आहेत, बैल जुंपलेल्या गाडीची. आठ सालांची, तीन टांकसाळींची मिळून चौदा, सगळी कोरी करकरीत. एवढ्यावर कुणीही निळी फीत दिली असती. पण हा पठ्ठ्या नाणी बसवायच्या फळीवर दर सालापुढे एक जादा भोक पाडून ठेवतो आणि त्याखाली लिहितो, 'डॅल्स टांकसाळ'.

आमच्या गावात टांकसाळ होणार होती. आजोबा तिथे दगड घडवायला होते. एक मजला उठला आणि १८७० साली सरकारनं काम थांबवलं. इमारत अजून उभी आहे, पण तिथे नाणं एकही पडलं नाही. पूर्वेकडून वस्ती करायला येणाऱ्यांच्या गाड्यांची वाट आमच्या गावाशी येऊन नदीला टेकायची, आणि त्या वाटेचं नाणं पडावं दूर फिलाडेल्फियात, हे हार्लनला अजून पचलेलं नाही.

शनिवारी सकाळी ग्रंथालयात काचेची पेटी मांडताना मी म्हटलं, "रिकाम्या जागांचे गुण कापतात रे. झाक ती भोकं. मी पुठ्ठा आणलाय."

"आजोबांना झाकू?"

"आजोबा जाऊन जमाना झाला. ते काही तक्रार करणार नाहीत."

"त्यांच्या वाटची तू करतेसच की!"

परीक्षक म्हणून पोर्टलंडहून लिंडक्विस्ट बाई आल्या होत्या. आधीचे परीक्षक भोकं मोजून पुढे जायचे. या मात्र थांबल्या आणि हार्लनकडे वळल्या.

"टीगसाहेब, ही टांकसाळ चालली असती तर तिनं किती नाणी पाडली असती?"

हार्लन खुलला. "थोडीच! गाव लहान. म्हणून तर सगळ्यात दुर्मीळ तीच असती. लोकांनी कापसात जपली असती."

"कुठल्या लोकांनी?"

"म्हणजे?"

"लांबच्या हौशी लोकांनी जपली असती, हो. पण गावातल्यांनी? टांकसाळ घरची, शेजारीच तिथे कामाला. मला वाटतं, इथल्यांनी ती पावाला नि चेरीच्या टोपल्यांना खर्चून टाकली असती. खिशात घोळवून गुळगुळीत केली असती. तुम्ही कोरं नाणं शोधताय, पण इथलं कोरं उरलं तरी असतं का?"

चाळीस वर्षं हार्लननं टांकसाळीचा विचार केला होता, खिशांचा केला नव्हता. खरं सांगते, मलाही पहिल्यांदाच कुतूहल वाटलं की आमच्या घरात त्या नाण्यांचं काय झालं असतं.

मग त्यानं पँटच्या खिशातून वडिलांचं नाणं काढलं. वडिलांनी ते पहिल्याच साली, १९२६ मध्ये घेतलं आणि मरेपर्यंत खिशात वागवलं. चेरीच्या बागेत दंव गोठून मोहोर जळायची धास्ती असली, की ते अंगठ्यानं नाणं घासत बसायचे. त्यांच्यामागे हार्लन घासतो. बैल गेले, साल गेलं, आणि कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारं बारीक अक्षर असलंच तर तेही गेलं. नाण्यांचे शौकीन असल्या नाण्याला दारात उभं करत नाहीत. हार्लननंही ते मंडळात कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

"पेटी उघड," तो मला म्हणाला. मंडळाची चिटणीस मी, किल्ल्या माझ्याकडे.

"तपासणी सुरू झाल्यावर उघडली तर गुण जातात. झिजलेल्या नाण्याचे वेगळे जातील. अरे, निळी फीत जाईल!"

"ठाऊक आहे. उघड."

मी उघडली. त्यानं बोटांनी चाचपत सव्वीस सालाचं रिकामं भोक शोधलं आणि नाणं तिथे बसवलं. लिंडक्विस्ट बाई भिंग घेऊन वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"कुठल्या टांकसाळीचं?" मीच विचारलं.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "आणि इथलं नाही, असंही सांगता येत नाही."

दुपारी फिती लागल्या. आमच्या पेटीवर निळी नाही आणि लालही नाही. मला भयंकर राग आला. प्रश्न विचारायचा बाईंनी आणि गुणही कापायचे बाईंनीच! मी तोंडावर तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, नियम आहे, आणि त्यांचाही चेहरा पडलेला होता.

आवराआवर करताना हार्लननं ती चौदा नाणी माझ्याकडे सरकवली. "ही तू ठेव. मला आता दिसत नाहीत, आणि कोऱ्या नाण्याला बोट तर लावायचं नाही."

वडिलांचं नाणं तेवढं त्यानं काढून घेतलं, अंगठ्यानं घासलं आणि माझ्यापुढे धरलं.

"बघ. गाडीचं चाक अजून अंगठ्याला लागतं."

मी अंगठा फिरवला. मला काहीच लागलं नाही.

"लागतं की," मी म्हटलं.