पाणी घालायला कुणीतरी हवं

मी धार लावायचा दगड बोलतोय. गावाच्या विहिरीपाशी आडवा पडलेला, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. नवखं कुणी बाक समजून माझ्यावर टेकतं आणि ओल्या कपड्यांनी उठतं. मग अख्खा पाणवठा हसतो.

विहीर खणताना मी वर आलो. गवंड्यानं दोन घाव घालून पाहिले. "आडमुठा आहे, भिंतीत बसायचा नाही," म्हणाला. सुतारानं मात्र पटाशी माझ्यावर घासली, अंगठ्यानं धार चाचपली आणि माझं नशीब उघडलं.

तेव्हापासून विळे, खुरपी, कुऱ्हाडी सगळ्यांना मी अंग दिलं. माझ्यापाशी रीत एकच. घासणारा एक, पाणी घालणारा दुसरा. एकट्यानं धार लागत नाही असं नाही, पण एकट्यानं लावायची नाही. तांब्या हातात धरून उभं राहिलं की माणूस बोलतंच. इथं सोयरिकी जुळल्या, अबोले सुटले, एकमेकांची यथेच्छ टिंगल झाली.

मग तरुण पोरं कामासाठी शहरात गेली. जमीन तेवढीच, तोंडं वाढली. त्यांना दोष कसा देऊ? पण गाव म्हाताऱ्यांच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं? मी दगड असून मला याचा संताप येतो! रांगा संपल्या. मी कोरडा पडू लागलो.

माझ्या डाव्या टोकाला वेगळाच खळगा आहे. तो डावऱ्या हाताच्या काकूंचा. त्यांच्या धाकट्या जावेचं शेत बांधापलीकडे. बांधावरचं झाड कुणी तोडलं यावरून दोघींचं बोलणं तुटलं, ते तुटलंच.

परवा सकाळी काकू विळा घेऊन आल्या. पीक उभं, दाणे गळायला लागलेले. पाणी घालायला कुणीच येईना. शेवटी आली ती जाऊच, तिच्याही हातात बोथट विळा. तिनं मुकाट्यानं तांब्या उचलला. काकू घासू लागल्या.

तेवढ्यात शाळेतल्या बाई जनगणनेसाठी आल्या.

"काकू, तुम्ही काय काम करता?"

"काम कसलं? घरीच असते," पात्यावरची नजर न काढता काकू म्हणाल्या.

"मग काम नाही, असं लिहू?"

धार ओतणारा तांब्या थांबला.

"घरीच असते म्हणे!" जाऊ उसळली. "हिच्या घराला छप्पर नाही वाटतं, दिवसभर उन्हातच असते ती! एवढं शेत कोण कापतं मग, मी? लिहा बाई, शेती करते!"

"आणि हिचंही तेच लिहा," काकू म्हणाल्या. "विचारलंत तर हीसुद्धा घरीच असते म्हणून सांगेल."

बाई हसल्या. जाऊही हसली, मग तांब्या तसाच धरून काकूंकडे बघत राहिली.

काकूंनी मान वर केली. "बघत काय राहिलीस? घाल पाणी. दगड सुकला."

पाणी आलं. गार, भरपूर. काकूंचा विळा झाला, मग जावेचा. दोघी आधी काकूंच्या शेतात उतरल्या, काल जावेच्या.

माझी मोजदाद कुणी करणार नाही, आणि चालेल मला. पण शहरात गेलेल्या माझ्या लेकरांनो, तांब्या अजून विहिरीच्या काठावरच ठेवलेला असतो. विळा नसला हातात तरी या. पाणी घालायला या.