दादूचं ऊन

कोलंबीच्या सालांची पिशवी वरून आली ती नेमकी गुणाजीच्या फावड्यावर फुटली. पाणी उडून तोंडावर आलं. त्याने सदऱ्याच्या बाहीने गाल पुसला आणि वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीचा हात निवांतपणे खिडकीत परत चालला होता.

"वहिनी, खाली माणूस आहे," तो म्हणाला.

"मग तिथे कशाला उभे राहता? ती कचऱ्याचीच जागा आहे ना."

गुणाजीने सालं फावड्याने गोळा केली. मरोळच्या त्या चाळीमागची दोन खाटांएवढी जागा साफ करायला त्याने तीन रविवार घालवले होते आणि तीन रविवार त्याला जेवण गेलं नव्हतं. केसांचे गुंतवळ, पानाच्या पिंका, शिळ्या भाताचे गोळे, फुटक्या बाटल्या, आणि या सगळ्यावर पोसलेल्या मांजराएवढ्या घुशी. हीच माणसं रोज उंबरठा पुसत होती, दारापुढे रांगोळी घालत होती. पण खिडकीबाहेर हात गेला की त्यांचं जग संपत होतं. गुणाजीला कचऱ्यापेक्षा त्यांचीच शिसारी जास्त येई.

हे सारं चाललं होतं दादूसाठी. दादू म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, ओंजळीत मावणारं जमिनीवरचं कासव. ते मूळचं शिवदासचं. गिरणीत गुणाजी आणि शिवदास शेजारशेजारच्या मागांवर होते. ब्याऐंशीचा संप लांबला तेव्हा शिवदास बिऱ्हाड मोडून गावी निघाला आणि जाताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून दादूला गुणाजीच्या हवाली करून गेला. संप मिटला की नेतो, म्हणाला. संप काही मिटला नाही, नुसता संपला. शिवदासचं पत्र वर्षभर येत होतं, मग तेही बंद झालं. गुणाजी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापायला लागला. गिरणीतल्या बावीस वर्षांतलं त्याच्याजवळ आता एवढंच उरलं होतं, खाटेखाली फिरणारं.

पाच वर्षं दादू त्या खाटेखालच्या अंधारात होता. यंदा त्याने खाणं टाकलं, मागचा पाय ओढू लागला. जोगेश्वरीच्या तबेल्यात म्हशींना बघायला येणाऱ्या डॉक्टरने पाठ दाबून पाहिली, ती मऊ लागली. तो म्हणाला, याला औषध नको, ऊन पाहिजे. रोज. नाहीतर पावसाळा काढायचा नाही.

म्हणून हे कुंपण. वर्कशॉपमधल्या भंगारातून गुणाजीने पत्रे आणले. कासव उकरून पळतं आणि घूस उकरून आत येते, म्हणून ते हातभर खोल पुरले. कडा वळवून बोथट केल्या. कावळ्यांसाठी वर तारेची जाळी, तिला कडीचं दार. एका कोपऱ्यात फुटक्या माठाचा अर्धा तुकडा पालथा घातला, अर्ध्या भागावर नारळाची झावळी टाकली आणि पाण्यासाठी मातीचं परळ जमिनीच्या पातळीत बसवलं, म्हणजे ओढत्या पायाने चढावं लागू नये. हात लावून पाहावं तिथे काही बोचत नव्हतं.

चूक झाली ती पुढे, आणि ती त्याची त्यानेच केली. जागेत काही नवं उभं करायचं तर जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, सांगितल्याशिवाय कोकणातला माणूस खुंटीही ठोकत नाही. गुणाजीने नारळ ठेवला, टोपी घातली आणि गावच्या सवयीने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा, कुत्रो, घूस, कावळो, सगळ्यांपासून ह्या मुक्या जनावराची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बायको मालन मागून म्हणाली.

तिन्ही मजल्यांच्या खिडक्या भरल्या होत्या. गाऱ्हाण्यात कुत्र्या-घुशींबरोबर माणसाचं नाव घ्यायचं राहून गेलं, हे गुणाजीच्या ध्यानात यायला आठवडा लागला.

पहिले सहा दिवस दादूने ऊन खाल्लं. मान लांब काढून, डोळे मिटून, तासन् तास. सातव्या दिवशी जास्वंदीचं फूल चावून खाल्लं, तेव्हा गुणाजी वर्कशॉपला उशिरा पोचला आणि बोलणी खाऊनही खुशीत राहिला. मग सोमवार आला. संध्याकाळी येऊन पाहतो तर दादूच्या पाठीवर हळदकुंकू. पुढच्या सोमवारी दूध, तेल, बेल, उदबत्त्या. शंकराच्या पुढ्यात कासव असतंच, आणि गुणाजीने गाऱ्हाणं घातलंय म्हणजे जागेत काहीतरी असणारच, असं जयंतीने सगळीकडे सांगितलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गुणाजीने दाराला कुलूप लावलं, तर लोक जाळीतून ओतू लागले.

आंबलेल्या दुधाला मुंग्या लागल्या. त्या दादूच्या गळ्याच्या सुरकुत्यांत शिरल्या. कुंकवाने डोळे सुजून मिटले. गुणाजी रोज कामावरून आल्यावर ओल्या फडक्याने त्याला पुसायचा पण तो आंबूस, तेलकट वास त्याच्या बोटांना चिकटून राहायचा. कोलंबीच्या सालांचा वासही इतका चिकटला नव्हता. शेवटी दादूला हातात घेऊन तो चाळीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश याच्या दारात गेला आणि ते डोळे दाखवले.

चंद्रप्रकाशने कासवालाच नमस्कार केला. मग म्हणाला, "गुणाजीभाऊ, इतकी वर्षं तिथे लोक घाण टाकायचे. आता हात जोडतात. तुम्हाला काय पाहिजे, परत घाण?"

गुणाजीला सांगायचं होतं की घाण तीच आहे, फक्त आधी ती नमस्कार न करता टाकत होते. पण माणूस इतक्या समजूतदारपणे हसत होता की गुणाजी दादूला सदऱ्याआड घेऊन मागे वळला. घरी आल्यावर मालन म्हणाली, "लोकांचो भाव आसा. तुमी कित्याक आड येतास?"

"भाव? तेचे डोळे बघ गो."

मालनने पाहिलं आणि पदराने दादूचं तोंड पुसलं.

गुणाजीने वर्कशॉपच्या मागे सिमेंट कालवलं. घमेल्यात ओतून पाठीचा घुमट काढला, खिळ्याने चांदण्या कोरल्या, पिवळा रंग भरला. डोकं आणि पाय हाताने वळले. डोळे मिटलेलेच ठेवले, आताशा तेच खरं दिसत होतं. रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका लागली, चाळ चंद्रप्रकाशच्या खोलीत दाटीवाटीने हात जोडून बसली आणि मागे चिटपाखरू उरलं नाही. तेवढ्यात त्याने कुलूप काढलं. सिमेंटचं कासव माठाच्या तुकड्यापुढे ठेवलं आणि दादूला सदऱ्यात गुंडाळून घरात नेलं.

मालिका संपताच जयंती लोटी घेऊन खाली आली. गुणाजी खिडकीत उभा होता. आता ओरडेल, आता चाळ गोळा होईल, असं त्याला वाटलं. लबाडी पकडली जावी अशी त्याची जवळजवळ इच्छाच होती, कारण त्याचा अर्थ कुणीतरी एकदा तरी दादूकडे बघितलं होतं असा झाला असता. जयंतीने दूध ओतलं, डोळे मिटले आणि गेली. दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश सगळ्यांना सांगत होता की देव आता स्थिर झाला, जागेचा गुण आहे. आठवड्यात तिथे घंटा टांगली गेली. सगळं ठाऊक असलेली मालनसुद्धा नळावर जाता-येता तिथे कळशी खाली ठेवून हात जोडायची. गुणाजीने ते पाहिलं तेव्हा त्याला रागही आला नाही. नुसती शिसारी आली आणि थोड्या वेळाने तीही गेली.

कुंपण मजबूत होतं. सिमेंटच्या त्या गोळ्याला ना कुत्रं शिवलं, ना घूस, ना कावळा. दिवसभर त्याच्यावर लख्ख ऊन पडायचं.

घरात ऊन यायचं ते दुपारी, मोरीच्या खिडकीतून, अर्धा तास, आणि तेही भिंतीवर वरच्या बाजूला. म्हणून सुट्टीच्या दिवशी गुणाजी जेवून उठला की कुंपणातून उरलेला पत्र्याचा तुकडा घासूनपुसून घ्यायचा आणि मोरीच्या कट्ट्यावर उभा राहायचा. पत्रा कलता धरला की उन्हाचा वीतभर चौकोन भिंतीवरून घसरत खाटेखाली जायचा. दादू पाय ओढत त्याच्यात येऊन बसायचा आणि मान बाहेर काढायचा. ऊन सरकेल तसा गुणाजी पत्रा सरकवायचा. बाहेर घंटा वाजत राहायची. हाताला कळ लागली की तो हात बदलायचा, पण तेवढ्यात चौकोन हलणार नाही एवढं बघायचा.