स्टीलच्या डब्याला जोडलेला कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, तळहातावर मावेल एवढाच. माझा जन्म खिशात ठेवायच्या एका यंत्रासाठी झाला. परभणीचे नरहरीमामा दुकानोदुकानी फिरून औषधांच्या ऑर्डरी माझ्यावर टिपत. दुकानदार कौतुकाने वाकून बघत, तेव्हा माझी छाती फुगे. पुढे घरोघरी मोबाइल आले. यंत्राचा पडदा फुटला आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

२०१० साली मामांची भाची जुईली मला पुण्याजवळच्या भुकूमला घेऊन आली. ती हिंजवडीत नोकरी करी आणि सगुणाबाईंच्या खोलीत भाड्याने राही. टाकाऊ भाग जमवून ती स्टीलच्या डब्यात स्वतःचा संगणक बांधत होती. त्यासाठी तिने मला यंत्रातून सोडवले. तारा जोडायचे तापलेले सोल्डरिंग आयर्न जवळ आले तेव्हा माझी गाळण उडाली. एक तार चुकली असती, तर मी कायमचा मुका झालो असतो! जोडणी झाली, पण कळ दाबून पाहण्याआधीच कंपनीची गाडी आली. डबा तसाच चालू ठेवून जुईली धावत गेली.

पुण्यात नुकताच बाँबस्फोट झाला होता. जो तो धास्तावलेला होता. दुपारी सगुणाबाई खिडकी लावायला आल्या. डबा, तारा आणि लुकलुकणारा लाल दिवा पाहून त्या किंचाळल्या, "अगं बया! हितं बाँब हाय!"

शेजारचे गेणबा आंबे काढायची लांब आकडी घेऊन आले. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. अर्धा तास झाला, तरी कोणी आले नाही.

"ते पौडवरनं येईस्तोवर घर उडंल!" गेणबा ओरडले. "हिरीत टाकतो बगा."

आकडीने डबा ओढला. मी टेबलाच्या कडेला लोंबकळू लागलो. अंगभर अक्षरे असून मला एक शब्द बोलता येईना!

तेवढ्यात जुईली गर्दीतून आत घुसली. सगुणाबाईंच्या सुनेने तिला फोनवर कळवले होते.

"थांबा! माझा संगणक आहे तो!"

"मंग चालवून दाव," सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या.

जुईलीने कळ दाबली. डब्यावरचा छोटा पडदा कोराच. ओढाओढीत माझ्या दोन तारा निघाल्या होत्या. तिने त्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

"मावशी, आता कळ तुम्ही दाबा."

"मी? आन् काय झालं म्हंजी?"

"मी इथंच आहे ना, तुमच्याजवळ."

गर्दी अंगणात पळाली. सगुणाबाई एकट्याच पुढे आल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बोट माझ्यावर टेकवले.

पडद्यावर एक अक्षर उमटले.

सगुणाबाई मटकन खाटेवर बसल्या. "पोरी, मला डब्याची न्हाई गं, तुजीच भीती वाटली. तू कोन, काय करतीस, कदी इचारलंच न्हाई," म्हणून त्या रडू लागल्या. जुईलीच्या हातातल्या तारा सुटल्या. तिने सगुणाबाईंना जवळ घेतले.

मित्रांनो, अनोळखी वस्तूला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पण आपल्या शेजारी राहणाऱ्या माणसाला अनोळखी ठेवू नका. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, तुम्हाला येते.