कात्रीसाहेबांचा गुडघा

मुख्य भांडारात लशींचा कारभार पाहणारे साहेब वर्षानुवर्षं एकच काम मनापासून करत आले होते. आम्ही जे मागू ते निम्मं करायचं. शंभर डोस मागा, पन्नास येणार. सिरिंज मागा, निम्म्या येणार. एकदा आमच्या डॉक्टरांनी दोन खुर्च्या मागितल्या, तर एकच आली. साहेबांचं खरं नाव मागणीपत्राखालच्या शिक्क्यात असतं, पण ते वाचतं कोण? सगळ्या आरोग्य केंद्रांत त्यांना कात्रीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, अर्थात.

मी आमच्या केंद्राची फार्मासिस्ट. लशींचा फ्रीज माझ्या ताब्यात. मला लोक भांडखोर म्हणतात आणि ते खरं आहे, पण एक गोष्ट मी कुणाच्याही तोंडावर सांगेन: माझ्या खिडकीवरून लस संपली म्हणून एकही बाळ परत गेलेलं नाही. त्यामागचं गुपित सोपं होतं. मला शंभर डोस लागायचे, मी दोनशे मागायची. साहेब कात्री चालवायचे, शंभर यायचे. साहेब खूश, मी खूश, बाळं रडत का होईना, टोचून घरी.

हे मी एकटीच करत होते असं नाही. झाडून सगळी केंद्रं करत होती. अपवाद एकच, नदीपलीकडच्या केंद्राची फार्मासिस्ट. तिला आम्ही सरळरेघ म्हणायचो. ही बाई लागेल तेवढंच मागायची! चाळीस लागले की चाळीस. मीटिंगला भेटली की मला तिची कीव यायची. हिच्याकडे वीसच येत असणार, बिचारी कशी निभावत असेल? पण कधी तक्रार करायची नाही. मी म्हणायची, मानी आहे, दुःख सांगत नाही.

आणि खरं सांगायचं तर आकडा मी खालीही तसाच पोचवायची. टोचणाऱ्या सिस्टरने विचारलं, "बाई, आज किती आहेत?" की मी आहेत त्याच्या निम्मे सांगायची. म्हणजे ती जपून वापरते, उगाच नवी कुपी फोडत नाही. चारपाच वर्षं आमचं असं छान चाललं होतं.

मग कात्रीसाहेबांचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं, लांबलचक रजा लागली आणि त्यांच्या खुर्चीवर एक तरुण साहेब आले. त्यांच्याबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. पहिली ओळख झाली ती थेट लशींच्या गाडीने.

गाडी आली तेव्हा मी चहा पीत होते. ड्रायव्हरने एक खोका आणून ठेवला. मग दुसरा. मग तो परत गाडीकडे गेला.

"अहो, कुठे चाललात?" मी म्हटलं. "सही घ्या ना."

"अजून आहेत बाई."

"आमचे?"

"तुमचेच. कागदावर तुमचंच नाव आहे. दोनशे मागितलेत ना? दोनशे आणलेत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "दोनशे मागितले म्हणून दोनशे पाठवले?"

ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंची तब्येत बरी नाही. "मग किती पाठवायचे?"

मी सही केली.

तर त्या तरुण साहेबांचं नाव त्याच दिवशी दिलदारसाहेब पडलं. त्यांनी सगळ्यांची मागणीपत्रं वाचली, सगळ्यांवर विश्वास ठेवला आणि भांडार रिकामं केलं.

आता लशीचं असं आहे, की तिचे लाड सासरी आलेल्या जावयासारखे करावे लागतात. गरम चालत नाही आणि जास्त गारही चालत नाही. काही लशी एकदा गोठल्या की संपल्या. फ्रीजमध्ये खोक्यांच्या मधून हवा खेळायला हवी, तळाशी काही टेकायला नको, बाजूला चिकटायला नको. आमचा फ्रीज पेटीसारखा, वरून झाकणाचा, आणि शंभरासाठीच पुरणारा. त्यात मी शंभर नीट लावले आणि बाकीचे घेऊन उभी राहिले.

आमचे शिपाईकाका निवृत्तीला आलेले. सैन्यात कधी नव्हते, पण मिशा आणि आवाज यांमुळे त्यांना सेनापती म्हणतात. ते म्हणाले, "बाई, कोंबा सगळं. मी झाकणावर बसतो."

"काका, ती प्रवासाची बॅग नाही!"

"बसलो की बंद होतंय बघा." आणि बसलेच. झाकण बंद झालं. तापमानाचा काटा चढायला लागला. मी ओरडले, ते उठले, झाकण आपोआप वर आलं. डॉक्टर आवाजाने बाहेर आले, फ्रीजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता आत गेले. डॉक्टर हुशार आहेत.

बर्फाच्या पेट्यांत लस एक दिवस टिकते, फार तर. मी फोन घेऊन बसले. आधी बाजारापलीकडच्या केंद्राला लावला. गेल्या वर्षी मी वीस डोस उसने मागितले तेव्हा तिथला फार्मासिस्ट म्हणाला होता, "ताई, देवाशपथ एक थेंब नाही." आज मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई! तुम्हाला किती पाठवू? संकोच करू नका, आपलंच केंद्र समजा!"

पुढच्या केंद्राला लावला. "बाई, तुमचीच आठवण काढत होतो. लस हवी का?" त्याच्या पुढच्या केंद्रातून तर आमच्या फोनची वाट न बघता गाडी करून खोके आमच्याकडे निघाले होते. ते सेनापतींनी फाटकातूनच परत पाठवले. त्या दिवशी सगळ्या भागात माणसं एकमेकांच्या गळ्यात लस मारायला धावत होती. एवढं प्रेम मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सरळरेघ आठवली. लाजतच विचारलं, "तुझ्याकडे थोडी जागा आहे का गं?"

"आहे की. ये घेऊन."

मी खोके घेऊन गेले. तिच्या फ्रीजमध्ये जागा अशी, की आत हात घालून फिरवता येईल. "हे कसं काय?" मी विचारलं.

"मी लागेल तेवढंच मागते ना," ती म्हणाली. "तुझे हे मी या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात वापरीन. तेवढं पुढच्या वेळी कमी मागीन. वाया काही जायचं नाही."

मला आधी हायसं वाटलं आणि मग जरा राग आला. माणसाने इतकं सरळ असू नये, समोरच्याला वाकडं वाटायला लागतं.

परतल्यावर दिलदारसाहेबांचा फोन. "बाई, सगळं पोचलं ना? कमी नाही ना पडलं?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "कमी नाही पडलं."

"बाकीच्या केंद्रांतून जरा गोंधळाचं ऐकू येतंय. माझं काही चुकलं का?" आवाज इतका भाबडा, की मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. कात्री, दुप्पट, सेनापती झाकणावर, सगळं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात खरा आकडा द्याल? जेवढा द्याल तेवढा पाठवीन. शब्द देतो."

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं. नवरा शिंपी आहे, दुकान घरातच, पुढच्या खोलीत. तोंडातली टाचणी काढून तो म्हणाला, "मी गिऱ्हाइकाला मंगळवार सांगतो, ते शुक्रवारी येतं. तोवर कपडा शिवून होतो. एकदा मंगळवारीच तयार ठेवला, तर मंगळवारी कुणी आलंच नाही. शुक्रवारी आलं आणि वर म्हणालं, वा, आज वेळेवर!"

"म्हणजे मी खरं लिहू की नको?"

"मला काय विचारतेस? मी शिंपी आहे." आणि टाचणी परत तोंडात.

सासूबाई आतून म्हणाल्या, "लिही गं. एकदा लिहून तर बघ." सासूबाई सहसा माझ्या बाजूने बोलत नाहीत, म्हणून मी घाबरले. पण लिहिलं. शंभर. मागणीपत्रावर तो आकडा इतका केविलवाणा दिसत होता, की दोनदा वाटलं, पुढे काहीतरी जोडावं. डोळे मिटून पाठवून दिलं.

त्यानंतर आठवडाभराने सेनापती बातमी घेऊन आले. "कात्रीसाहेब आले! काठी टेकत, पण आले. नव्या साहेबांना ट्रेनिंगला धाडलं."

"आणि मागणीपत्रं?"

"सगळी कात्रीसाहेबांच्या टेबलावर."

शंभराचे पन्नास. बुधवारी लसीकरण. गावभर निरोप गेलेले, आणि निम्म्या आया माझ्या खिडकीवरून परत जाणार, माझ्या! भांडारात फोन लावला, कुणी उचलेना. दुसरं मागणीपत्र पाठवावं, दोनशेचं? पहिल्याशेजारी ठेवलं की माझी अब्रूच गेली. सरळरेघेला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तुझे मी निम्मे वापरले आणि उरलेले धरून तेवढं कमी मागितलं. आता तुला दिले तर माझी बाळं परत जातील." तिचं बरोबर होतं, म्हणूनच आणखी चीड आली.

मग बाजारापलीकडच्या केंद्राला फोन केला. आपलंच केंद्र समजा म्हणणारा तोच माणूस. म्हणाला, "ताई, देवाशपथ एक थेंब नाही." कात्रीसाहेब परतल्याची बातमी तिथेही पोचली होती.

बुधवार उजाडला. फाटकाबाहेर आया बाळं घेऊन येऊन बसल्या. एक बाळ तर इतकं नवं होतं, की त्याचे डोळेही पुरते उघडत नव्हते. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि मला स्वतःचा इतका राग आला, की रडू फुटेल असं वाटलं. खरं बोलायची हौस मला, आणि परत जाणार हे.

गाडी आली. ड्रायव्हरने एकच, जरा मोठा खोका उतरवला.

"बस?" मी विचारलं.

"बस."

मी तिथेच, ओट्यावर, खोका उघडला. थर्मामीटर पाहिला, ठीक. मग कुप्या मोजायला घेतल्या. मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. शंभर डोस. पुरते शंभर. सेनापतींना मोजायला लावलं, त्यांचेही शंभर आले, आणि सेनापतींचा हिशेब माझ्याशी कधी जुळत नाही.

मी भांडारात फोन लावला. या वेळी कात्रीसाहेबांनी स्वतः उचलला.

"साहेब, शंभर आलेत!"

"मग? शंभरच मागितलेत ना?"

"पण तुम्ही निम्मं करता!"

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचा खरा आकडा मला तुमच्याइतकाच पाठ आहे. तुम्ही दोनशे लिहिता, मी शंभर देतो. बाजारापलीकडचा तीनशे लिहितो, त्याला शंभर देतो. या वेळी तुमचं मागणीपत्र पाहिलं आणि म्हटलं, एक तर बाई आजारी आहेत, नाही तर खरं बोलल्या. तुमच्याकडे फोन करणार होतो, तब्येत विचारायला."

मला एकदम सरळरेघ आठवली. "साहेब, ती नदीपलीकडची? सरळ मागते ती? तिला किती पाठवायचात?"

"तिला? ती मागेल तेवढं. तिचं मागणीपत्र वाचतसुद्धा नाही मी, सही करून टाकतो. का?"

"काही नाही," मी म्हटलं. इतकी वर्षं मी तिची कीव करत होते. मीटिंगला एकदा तिला माझा डबाही दिला होता, बिचारीला काही मिळत नाही म्हणून.

"बाई, आहात का?"

"आहे साहेब. गुडघा कसा आहे?"

"निम्मा बरा आहे," कात्रीसाहेब म्हणाले. सवयीने मी दुप्पट केला आणि समाधान मानलं.

बाहेर आया उठून उभ्या राहिल्या होत्या. सिस्टर आत आली, तिच्या हातात कापसाचा डबा. नेहमीचा प्रश्न आला. "बाई, आज किती आहेत?"

"शंभर," मी म्हटलं.

सिस्टरने माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला. "कळलं," ती म्हणाली, खिडकीतून बाहेर वाकली आणि आयांना ओरडून सांगू लागली, "निवांत बसा गं! आज दोनशे आहेत, शेजारच्या गावातल्यांनाही निरोप द्या!"

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिला फ्रीजपाशी आणलं, झाकण उघडलं आणि म्हटलं, "सिस्टर, तुम्हीच मोजा."