ताईच्या दिव्याखालची सुरी

मित्रांनो, पडत्या काळात ज्याने आपल्याला घरात घेतले, त्याचे उपकार आयुष्यभर स्मरावेत हे उचितच आहे. परंतु छप्पर दिले म्हणून त्या छपराखाली राहणाऱ्याचे हात, त्याची दुपार आणि त्याचे मौन ही देणाऱ्याच्या मालकीची होत नाहीत. एवढी साधी मर्यादा ज्या घरात रोज सायंकाळी ओलांडली जात असे, त्या घरात माझे आयुष्य गेले.

मी एक जुनी सुरी आहे. पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, भट्टीत लाल केले, तेलात विझवले आणि कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर मला पाणी दिले. त्या पाण्यामुळेच पोलाद कणखर होते आणि धार धरून ठेवते. पुढे मला लाकडी मूठ बसवली आणि मी एका दुकानाच्या काचेआड जाऊन पडले.

ताई तेथे आली तेव्हा तिने माझ्यासारख्या कितीतरी जणी उजेडाकडे धरून पाहिल्या आणि परत ठेवल्या. एकीचे पाते किंचित वाकलेले होते, तर दुसरीची मूठ सैल होती. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, सुरी घेताय की जावई?"

"जावई वाकडा निघाला तर चालवून घेतात," ताई म्हणाली, "सुरी नाही." आणि तिने मला निवडले. त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला होता!

ताई शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. कात्र्या, चिमटे, नाजूक पाती दिवसभर भिंगाखाली पाहायची आणि त्यांतले दोष काढायचे, हेच तिचे काम. घरी आल्यावरही तिची नजर कामावरून परतत नसे. तिच्या कपाटात एक दुहेरी दगड होता. एक बाजू खरखरीत, दुसरी रेशमासारखी. तो पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यावर ठेवून ती मला त्यावर फिरवी. पाते जरासे उचललेले, कोन अगदी स्थिर, बोटांचा दाब फुलावर ठेवावा तितका. मित्रांनो, खोटे का सांगू, तिच्या बोटांइतकी कोमल बोटे मला पुन्हा भेटली नाहीत. माझ्यावर ती खरोखर माया करत असे. त्या घरात माया वाट्याला आली ती मलाच.

कारण पुढे त्या घरात धाकटी आली. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. तिचा नवरा आजारात गेला, सासरच्यांनी दार लावून घेतले आणि ती एक पिशवी घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. ताईने तिला आत घेतले, जेवू घातले, खिडकीजवळची खाट दिली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर धाकटीकडे आले आणि मीही तिच्या हातात आले.

मग सायंकाळची तपासणी सुरू झाली. ताई खुर्चीत बसे आणि खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधीच म्हणे, "आण तिला." धाकटी मला आणून देई. ताई मला टेबलावरच्या दिव्याखाली धार वर करून धरी. नीट लावलेली धार उजेडात दिसत नाही, कारण तिला रुंदीच उरलेली नसते. जेथे ती दबली, मुडपली वा तुटली, तेथे उजेडाचा ठिपका चमकतो. त्या ठिपक्यांवरून ताई धाकटीचा सारा दिवस वाचून काढी. मला वाचा नव्हती, पण माझी धार माझ्या इच्छेविरुद्ध बोलत असे.

"आज फळी सोडून स्टीलच्या ताटात चिरलंस ना गं?"

"घाईत होते, ताई."

"घाई? तुला कुठं जायचं असतं? इथून खिडकीपर्यंत?" ताई हसे. "आणि हे बघ, टोकापाशी. डब्याचं झाकण उचकटलंस हिनं. खोटं बोलू नकोस, हिला विचारलंय मी."

धाकटी खाली पाही. ताईला तेवढ्याने समाधान होत नसे. एकदा मला पुसता पुसता ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुझ्या हाताखाली काही टिकतच नाही बघ. सुरी टिकत नाही. नवरा टिकला नाही."

त्या रात्री जेवताना ताईने तिला दोनदा आग्रह करून वाढले. ताई अशीच होती.

खालच्या मजल्यावर एक बाई राहत. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांचा आवाज मोठा, मन त्याहून मोठे. एके सकाळी धाकटीने चिरलेला कोबी पाहून त्या म्हणाल्या, "अगं, हा कोबी चिरलाय का विणलाय? माझ्याकडच्या पोरी कोबीचे लाकडासारखे ओंडके करतात. दुपारी चिरून देशील? हात बसला तर तिकडे कायमचीच ये. कोठारामागं एक खोली रिकामी आहे. लहानशी आहे, पण आतून कडी लागते."

आतून कडी लागते, हे शब्द धाकटीने मनाशी पुन्हा उच्चारले. मी तिच्या हातात होते; तिची पकड घट्ट झालेली मला कळली.

ताईला सांगणे शक्य नव्हते. ताईने आधी हसून घेतले असते आणि नंतर दार लावून घेतले असते. म्हणून काम गुपचूप सुरू झाले. पण टोपलीभर गाजरे आणि कोबी चिरल्यावर माझी धार काय सांगणार हे धाकटी जाणून होती. ताई येण्याआधी मला पुन्हा पहिल्यासारखी करणे भाग होते आणि दगड तर कपाटात कुलपात होता.

प्रथम तिने मला जिन्याच्या दगडी पायरीवर घासले. पायरी जशी ओबडधोबड, तशीच माझी दशा झाली. धारेला करवतीसारखे दाते आले. सायंकाळी ताई म्हणाली, "हिची काय आरी केलीस?" नळावर आपटली, असे धाकटीने सांगितले. "मग आज काकडी दातांनी तोड," असे म्हणून ताईने अख्खी काकडी तिच्या ताटात ठेवली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली.

पुढे खालच्या बाईंनी आपले यंत्र दिले. खाचेत दोन लहान चाके असतात, त्यांतून सुरी ओढायची. धार लगेच आली, पण त्या चाकांनी माझे अंग ओरबाडून नेले, आणि दोन दिवसांत धार पुन्हा गेली. "हे घाईचं काम आहे गं," बाई म्हणाल्या, "माझ्याकडच्या सुऱ्या यानंच झिजून गेल्या."

मग एका दुपारी कप विसळताना धाकटीचे बोट कपाच्या बुडाशी थांबले. चिनी मातीच्या कपाला सगळीकडे झिलई असते. ज्या कडेवर तो उभा राहतो, तेवढीच कोरी आणि खरखरीत असते. तिने कप पालथा घातला. माझ्या धारेच्या उतारावर पेनाने शाई लावली आणि मला त्या कडेवरून हलकेच ओढले. शाई जेथली पुसली गेली, तेथे घर्षण झाले; जेथे उरली, तेथे कोन चुकला. अशा रीतीने ताईचा कोन तिने शाईतून शोधून काढला. एक बाजू घासली की दुसऱ्या बाजूला तारेसारखी बारीक किनार उभी राही. ती बोटाला लागली की बाजू बदलायची. शेवटी दिवंगत नवऱ्याच्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, मला पुसावे तशी फिरवायची. दिवसेंदिवस तिचा हात सुधारत गेला. तिला कोणी शाबासकी दिली नाही. ती टोमॅटो घेई, मला नुसती त्यावर टेकवी आणि माझ्या वजनानेच साल उघडली की किंचित हसे.

तेथेच घात झाला. वाईट धार ताईने ओळखली असतीच, पण उत्तम धारही तिने ओळखली.

त्या सायंकाळी ताईने मला दिव्याखाली धरले. कोठेही चमक नाही. तिने कागद घेतला आणि त्यातून मला नेले. कागदाला आवाजही झाला नाही. मग भिंग आणले. बराच वेळ ती पाहत राहिली.

"कुणी लावली?"

धाकटीने ओले हात पदराला पुसले.

"छान लावलीस. माझ्यापेक्षा छान." ताईचा आवाज गोड होता, म्हणून मला भीती वाटली. "कशावर?"

"कपावर."

"कुठल्या?"

"तुझ्या चहाच्या."

"आणि रोज इतकी लावायला लागते, म्हणजे रोज इतकं चिरतेस. कुणासाठी?"

धाकटीने सगळे सांगितले. खोली तेवढी सांगितली नाही. ताईने ऐकून घेतले, उठून दगड आणला, त्याची खरखरीत बाजू वर केली, मला उभी धरली आणि धार दगडावर टेकवून फळ्यावर खडू ओढावा तशी ओढली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो आवाज मी सांगू शकत नाही.

"ताई, नको गं!"

"का? तुला येते ना लावता? लाव." आणि तिने घरातला प्रत्येक कप आपल्या पिशवीत भरला. "कप मी कामावर नेते. चहा वाटीतून पी."

दुसऱ्या दिवशी टोपली आली. धाकटीने मला उचलले. मी आता पोलादाची पट्टी होते. मित्रांनो, धारदार सुरीची भीती सगळ्यांना वाटते, पण अपघात बोथट सुरी करते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते. कांद्याच्या सालीवरून मी घसरले आणि थेट तिच्या बोटात शिरले. कांदा अखंड राहिला.

बाई टोपली न्यायला आल्या तेव्हा रक्ताने भिजलेले फडके पाहून त्यांनी टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "भाजी राहू दे. मला एवढंच सांग, येतेस की नाही? खोली दुसरीला देऊ?"

"ताईनं मला आसरा दिला, बाई."

"दिला. आणि भाडं रोज संध्याकाळी घेतलं. येतेस?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

सायंकाळी ताईने बोट पाहिले आणि तिचा चेहरा पडला. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. तिच्या हातून दुखले असेल असे मला वाटत नाही. "बघ, म्हणून सांगत होते," एवढेच ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सुटीच्या सकाळी तिने दगड भिजत घातला आणि धाकटीला हाक मारली.

"ये, बस. शिकवते तुला. कपबिप काय करतेस! उद्यापासून दगड तुझ्याकडे. कपाटाला कुलूप नाही लावायचं. मात्र ते बाईंचं काम बंद. इथंच राहायचं, माझ्याजवळ."

तिने मागे बसून धाकटीच्या हातांवर आपले हात ठेवले. खरखरीत बाजूवर माझ्या मेलेल्या कडेला पुन्हा उतार येऊ लागला. "दाबू नकोस. तिच्या कलानं घे. हं, अस्सं." दोघी बहिणींचे श्वास एका लयीत चालले होते. मी हळूहळू जिवंत झाले. एवढी सुंदर धार मला त्याआधी कधी आली नव्हती, नंतर तर नाहीच.

धाकटीने मला धुतले, कोरडे केले आणि मूठ ताईकडे करून टेबलावर ठेवले.

"ताई, मी बाईंना हो म्हटलंय."

"कधी?"

"काल. तू पट्टी बांधलीस त्याच्या आधी."

"मग आत्ता शिकलीस कशाला?"

"तू पहिल्यांदाच शिकवत होतीस."

ताईने दगडावरचे काळे पाणी फडक्याने टिपले. "जा," ती म्हणाली. "परत आलीस तर दार उघडायची नाही मी." धाकटीने वाकून तिला नमस्कार केला. ताईने पाय मागे घेतले. जिन्यावरची पावले खाली गेली, आणि मग ती ऐकू येईनाशी झाली.

आता ताई मला वापरते, पण एका माणसापुरती भाजी अशी कितीशी लागते? मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला धुऊन कोरडे ठेवा, लाकडी फळीवर वापरा, घाईच्या यंत्रात ओढू नका. दगड घ्या आणि संयम धरा. आणि ज्याच्या हातात मला द्याल, त्याला धार लावायलाही शिकवा. ते शिकवण्यासाठी त्याच्या बोटातून रक्त येण्याची वाट पाहू नका.

त्या लहानशा खोलीत धाकटीला शांत झोप लागो. तिचे बोट बरे होवो. आणि माझ्या ताईच्या दारावर एखाद्या दुपारी कोणीतरी थाप मारो, आणि ती दार उघडो.